विरळ हवेचा हिशेब

आयुष्याचीं अठ्ठावीस वर्षें तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविण्यांत घालविलेल्या आणि स्वतःची मोटार ताशीं पन्नास मैलांवर कधींहि न नेलेल्या मनुष्यानें मोटारींच्या शर्यतीवर लेख लिहावा, हें पाहून वाचकांस नवल वाटेल. मलाहि तें वाटत आहे. परंतु एकादा प्रश्न वर्षानुवर्षें ग्रंथांतून धुंडीत असावें आणि त्याची नेमकी मांडणी भलत्याच ठिकाणीं, तेलाच्या वासांत व कानठळ्या बसविणाऱ्या आवाजांत हातीं लागावी, असें कधीं कधीं होतें. माझ्या बाबतींत तें २०२२ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेतील डेन्व्हर शहराजवळ झालें.

माझा भाचा तेथें नोकरीनिमित्त राहतो. पदार्थसंग्रहालयें व ग्रंथालयें पाहून झाल्यावर, "मामा, आतां एक संध्याकाळ माझी," असें म्हणून त्यानें मला मॉरिसन गांवाजवळच्या बँडिमेअर स्पीडवे या मैदानावर नेलें. रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकडीला टेकून वसलेलें हें मैदान १९५८ सालीं सुरू झालें आणि २०२३ सालीं बंद झालें. म्हणजे मीं पाहिलें तें त्याचें शेवटून दुसरें वर्ष. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ५,८०० फूट. आपलें महाबळेश्वरहि त्याच्यापेक्षां तेराशेंएक फूट खालीं आहे.

तेथें चालणारी ड्रॅग-शर्यत वर्णनास अगदीं सोपी. दोन सरळ समांतर वाटा, लांबी पाव मैल म्हणजे १,३२० फूट. दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहतात, मधल्या खांबावरचे पिवळे दिवे लागून हिरवा दिवा लागतो, आणि जी आधीं पलीकडे पोंचेल ती जिंकली. वळण नाहीं, चढउतार नाहीं, कोणाला गांठून कोणाच्या पुढें जाणें नाहीं. या खेळाला शिस्त लावणारी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था वॉली पार्क्स यांनीं १९५१ सालीं काढली. तिच्या सर्वांत बलाढ्य दोन वर्गांतील गाड्यांना, २००८ सालीं एका चालकाचा मृत्यु झाल्यापासून, १,००० फूटच धांवूं देतात. पण मीं पाहिली ती संध्याकाळ बलाढ्यांची नव्हती. शेजारपाजारचे कारागीर, कारकून, विद्यार्थी आपापल्या गाड्या घेऊन आले होते. प्रत्येक धांवेनंतर चालकाला कागदाची एक चिठी मिळे आणि तिच्यावर सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत वेळ छापलेली असे. परीक्षेच्या गुणपत्रिकेकडे विद्यार्थी ज्या डोळ्यांनीं पाहतो त्याच डोळ्यांनीं मोठीं माणसें त्या चिठीकडे पाहत होतीं.

आमच्या शेजारीं नळजोडणीचा धंदा करणारे एक साठीचे गृहस्थ आपल्या तरुण मुलासह उभे होते. भाच्याची व त्यांची तोंडओळख होती. त्यांच्या चिठीवर १२.८६२ सेकंद हा आंकडा होता. मुलानें तो पाहिला, खिशांतून वही काढली, कांहीं गुणाकार केला आणि वहींत १२.१ असा आंकडा लिहिला. भाच्यानें मला समजाविलें, "ही समुद्रसपाटीची वेळ, मामा. एवढी उंची नसती तर गाडी किती वेळांत गेली असती, तें." वडिलांनीं वहींत डोकावून मान हलविली. ही गाडी बारा पूर्णांक एक दशांशांत धांवलेली त्यांनीं तरी कधीं पाहिली नव्हती, असें ते म्हणाले. मुलगा उसळून म्हणाला, हवा कांहीं तुमच्या हातांत नव्हती. मग तिचा दंड तुम्हीं कां भरावा? दोघांचा हा वाद पहिल्यानें चाललेला नव्हता हें त्यांच्या स्वरावरून सहज कळत होतें. भाचा माझ्याकडे पाहून हंसला. "निघाला तुमचा विषय," तो म्हणाला.

विषय माझा खरा, पण त्यांतली हवा माझी नव्हती. ती आधीं समजून घेणें भाग होतें. इंजिन प्रत्येक श्वासास ठराविक आकारमानाची हवा आंत ओढतें. हवा विरळ असली तर त्याच आकारमानांत प्राणवायु कमी येतो, त्या मानानें इंधन कमी जाळतां येतें, आणि शक्ति घटते. ५,८०० फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या शेंकडा ८१ च्या आसपास असतो. उंचीवर सामान्यतः हवा थंडहि असते, म्हणून घनता तितकी घटत नाहीं, ती शेंकडा ८४ भरते. परंतु जुलैच्या दुपारीं पारा ३५ अंशांवर गेला कीं तीच घनता प्रमाणित हवेच्या अवघी पाऊणपट राहते. म्हणजे ज्याच्या गाडीला शंभर घोड्यांचें बळ आहे त्यानें पंचवीस घोडे दरवाज्यांतच सोडून आंत यावयाचें.

आतां गंमत अशी कीं, शक्ति पंचवीस टक्क्यांनीं घटली म्हणून वेळ पंचवीस टक्क्यांनीं वाढत नाहीं. जागेवरून निघून ठराविक अंतर तोडण्यास लागणारा वेळ हा, ढोबळ मानानें, वजनाला शक्तीनें भागून येणाऱ्या आंकड्याच्या घनमूळाप्रमाणें बदलतो. म्हणून शक्ति सोळा टक्क्यांनीं कमी झाली तर वेळ सुमारें सहा टक्के वाढतो. बारा सेकंदांची गाडी पावणेतेरांच्या जवळ जाते. पाव शक्ति गेली तर ती सव्वातेरांच्या जवळ जाईल. शिवाय विरळ हवा गाडीला समोरून अडवितेहि कमी. जिनें बळ हिरावून घेतलें तीच वाट थोडी मोकळी करून देते, परंतु एवढ्या आंखूड शर्यतींत तिचा हा उपकार अपकाराच्या मानानें लहान. नळवाल्यांच्या मुलानें केलेला गुणाकार या सहा टक्क्यांचा होता. मैदानाच्या उंचीप्रमाणें असे गुणक ठरवून दिलेले असतात. त्या दिवसाचा उन्हाळा मात्र त्यांत धरलेला नसतो. म्हणजे दुरुस्तीलाहि पुढें दुरुस्ती हवीच!

माझा पहिला कौल मुलाच्या बाजूनें होता, हें कबूल केलें पाहिजे. जें मनुष्याच्या हातीं नाहीं त्याचें श्रेयहि त्याला नाहीं आणि दोषहि नाहीं, हें आम्हीं नीतिशास्त्राचे शिक्षक पहिल्या महिन्यांतच विद्यार्थ्यांना शिकवितों. मग तराजूच्या एका पारड्यांत हवेचें वजन पडलें असेल तर तें काढून टाकणें हाच न्याय. यांत वादाला जागा कोठें आहे?

जागा आहे, ती मेक्सिकोंत. १९६८ सालचे ऑलिंपिक सामने मेक्सिको शहरीं, सुमारें २,२४० मीटर उंचीवर, झाले. तेथें हवेनें कोणाला दिलें आणि कोणापासून घेतलें हें पाहण्यासारखें आहे. बॉब बीमन या अमेरिकन तरुणानें १८ ऑक्टोबर रोजीं ८.९० मीटर लांब उडी मारली. पूर्वीचा जागतिक विक्रम ८.३५ मीटरांचा होता, तो एका उडींत ५५ सेंटिमीटरांनीं मागें पडला. विरळ हवेनें त्याला अडविलें कमी, आणि पाठीमागून वारा होता तो नियमानें चालणाऱ्या अगदीं शेवटच्या मर्यादेइतका, सेकंदाला २.० मीटर. उलट ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क. १०,००० मीटरांचा २७ मिनिटें ३९.४ सेकंदांचा जागतिक विक्रम त्याच्या नांवें होता. मेक्सिकोंत ती शर्यत केनयाच्या नफ्ताली तेमूनें २९ मिनिटें २७.४ सेकंदांत जिंकली. क्लार्क सहावा आला, शेवटीं कोसळला, आणि त्याला प्राणवायु द्यावा लागला. ऑलिंपिकचें सुवर्णपदक त्याला आयुष्यांत कधींच मिळालें नाहीं.

आतां मैदानी खेळांचा कायदा पाहा. पाठीमागून वारा दोन मीटरांहून अधिक असला तर विक्रम धरीत नाहींत. उंचीबद्दल मात्र कांहींहि वजा करीत नाहींत. हजार मीटरांवरच्या कामगिरीपुढें याद्यांत एक अक्षर तेवढें लिहितात. बीमनची उडी ८.९० चीच राहिली, आणि १९९१ सालीं टोकियोंत माइक पॉवेलनें ८.९५ मीटर उडी मारीपर्यंत तेवीस वर्षें राहिली. तिच्यांतून हवेची देणगी वजा करून ती आंखूड करावी असें म्हणणारा मनुष्य मला तरी भेटलेला नाहीं. पण क्लार्कबद्दल हळहळतांना मात्र आपण सारे मनांत गुणाकार करूं लागतों. मनुष्यस्वभावाचा हा खोडसाळपणा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. दुरुस्तीची वही आपण उघडतों ती बहुधा तूट आली असतां. वाढ मिळाली असतां ती वही सांपडत नाहीं. डेन्व्हरचा मुलगा आपल्या वडिलांची वेळ कमी करून लिहीत होता. समुद्रकाठचा एकादा चालक आपली चिठी हातीं घेऊन "मला येथें जाड हवेची मदत आहे, माझी वेळ वाढवून लिहा," असें म्हणत असेल काय?

तरीहि एवढ्यानें मुलाचें म्हणणें खोटें ठरत नाहीं. लोक तराजू लबाडीनें वापरतात म्हणून तराजू टाकून द्यावयाचा नसतो. खरी अडचण दुसरीकडे होती. ती मला वडिलांनीं, मीं न विचारतां, गाडीचें झांकण उघडून दाखविली.

उंचावरच्या मैदानासाठीं गाडी निराळ्या रीतीनें मिळवावी लागते. मिळवावी हा शब्द मी मुद्दाम वापरतों, कारण तंबोरा मिळविणाऱ्याच्या कानासारखेंच तें काम आहे. हवा विरळ झाली तरी कार्ब्युरेटर इंधन त्या मानानें कमी सोडीत नाहीं. मिश्रण घट्ट होतें, इंजिन गुदमरतें. म्हणून त्यांतले जेट, म्हणजे ज्या बारीक भोंकांतून पेट्रोल येतें ते पितळी तुकडे, काढून त्याहून लहान भोंकांचे बसवावे लागतात. विरळ मिश्रण सावकाश जळतें, म्हणून ठिणगी थोडी आधीं पाडावी लागते. शेवटची गति कमी येणार, म्हणून गिअरचें प्रमाण बदलून इंजिनाला त्याच्या आवडीच्या फेऱ्यांत ठेवावें लागतें. फार काय, समुद्रकाठीं भरून आणलेल्या चाकांतला दाबहि येथें मापकावर सुमारें पावणेतीन पौंड अधिक दिसतो, कारण बाहेरून दाबणारी हवाच कमी झालेली असते. ज्या चाकांत मुळांत आठदहा पौंडच दाब ठेवावयाचा त्यांना हा फरक थोडा नव्हे. ज्यांच्या इंजिनांना पट्ट्यानें फिरणारा सुपरचार्जर आहे ते त्याची पुली बदलून तो अधिक वेगानें फिरवितात आणि निसर्गानें काढून घेतलेली हवा बळानें आंत कोंबतात. नायट्रोमिथेन जाळणाऱ्या गाड्यांच्या तर इंधनांतच प्राणवायु असतो. पेट्रोलला वजनाच्या सुमारें पावणेपंधरापट हवा लागते तेथें त्याला दोन पटींहूनहि कमी पुरते. म्हणजे साध्या श्वासाच्या इंजिनाला लावलेला सहा टक्क्यांचा हिशेब या मंडळींना लागू पडत नाहीं. एकच डोंगर, पण त्याची उंची प्रत्येक छातीला निराळी.

पुढें ते म्हणाले तें मी विसरलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मुलाच्या आग्रहानें ते गाडी घेऊन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गेले होते. वहींतले बारा पूर्णांक एक एकदां चिठीवर उतरवावे अशी मुलाची इच्छा. पोंचण्यास उशीर झाला, नांव पुकारलें गेलें, आणि जेट बदलण्याचें राहून गेलें. डोंगरावरच्या विरळ हवेसाठीं बसविलेलीं तीं बारीक भोंकें. समुद्रकाठची दाट हवा आंत आली, तिला पुरेसें इंधन मिळेना, मिश्रण कोरडें झालें, उष्णता वाढली आणि अर्ध्या वाटेंत एक पिस्टन जळाला. "त्या वेळीं आम्ही गाडीला नांवें ठेवलीं," ते म्हणाले, "पण गाडीचा काय दोष? डोंगर मीं उतरलों, जेट मीं बदलले नाहींत."

ज्यांचा हा धंदा आहे त्यांनाहि हें सोपें नसे. बँडिमेअरची मोठी स्पर्धा झाली कीं लगोलग सोनोमा व सिअॅटल येथील, समुद्राजवळच्या मैदानांवरील, स्पर्धा असत. एका आठवड्यांत विरळ हवेंतून दाट हवेंत यावयाचें आणि सारी जुळणी उलटी करावयाची. त्या तिन्ही ओळीनें जिंकण्याचा मान पहिल्यानें मिळाला तो १९९१ सालीं जो अमाटो याला. लोक ही कामगिरी विशेष मानीत याचें कारण उघड आहे. विरळ हवेंत जिंकणारे होते, दाट हवेंत जिंकणारेहि होते. परंतु एकींतून दुसरींत जातांना न चुकणारे थोडे.

एवढें ऐकल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं वहींतल्या १२.१ या आंकड्याचा अर्थच मुळीं आपण समजतों तसा नाहीं. तो या गाडीचा आंकडा नव्हे. ही गाडी, जशी येथें उभी आहे तशी, खालीं नेली तर १२.१ सेकंदांत जाणार नाहीं. ती जळून जाईल. तो आंकडा एका दुसऱ्याच गाडीचा आहे: जिचे जेट कोणीतरी बदलले आहेत, जिची ठिणगी कोणीतरी पुन्हां लावून दिली आहे. दुरुस्त वेळ म्हणजे घडलेली गोष्ट नव्हे, तें एक वचन आहे. आणि वचन म्हटलें कीं तें कोणी पाळावयाचें हा प्रश्न आलाच.

आपल्याकडील जुना विचार येथें आठवतो. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माच्या सिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आचार्यांनीं अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला आहे; पण ज्यावर कर्म उभें राहतें ती जागा, हा शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर तें मैदानच झालें. चालक हा कर्ता, गाडी हें करण, जुळणीची सारी खटपट ही चेष्टा, आणि त्या दुपारचें ऊन हें दैव. यांतून केवळ कर्त्याचा म्हणून जो वांटा असेल तो वेगळा काढून दाखवा, असें म्हटलें तर कोणाला साधेल? चेष्टा तरी सर्वस्वीं त्याची कोठें असते? हवेचा दाब, उष्णता व आर्द्रता टिपणारें यंत्र ज्याच्याजवळ आहे आणि ज्याच्याजवळ नाहीं त्यांची चेष्टा सारखी फळत नाहीं. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या न्यायविषयक ग्रंथांत हाच धागा शेवटपर्यंत ओढला आहे: जन्मानें मिळालेली बुद्धि तर कोणाची कमाई नव्हेच, पण कष्ट करण्याची वृत्तिहि पुष्कळशी घरच्या परिस्थितीनें घडते. हें पटतें. पण वजाबाकी अशीच करीत गेलों तर शेवटीं चिठीवर कोणाचेंच नांव उरत नाहीं. कांद्याचे पापुद्रे काढीत गेल्यासारखें तें होतें, आणि डोळ्यांना पाणी येतें तें वेगळेंच.

शर्यतवाल्यांनीं या कोंडींतून आपल्यापुरती एक वाट काढली आहे. त्यांच्यांत एक प्रकार असा आहे कीं, प्रत्येक चालकानें धांवेपूर्वीं आपली गाडी किती सेकंदांत जाईल हें स्वतःच काचेवर लिहावयाचें. दोघांच्या आंकड्यांत जितका फरक, तितका वेळ आधीं मंद गाडीला सोडतात. ज्यानें हवा ओळखली, गाडी ओळखली, आणि खरें लिहिलें, त्याची पंधरा सेकंदांची जुनी गाडी दहा सेकंदांच्या नव्या गाडीला हरवूं शकते. उंचीचा गुणक येथें कोणी लावीत नाहीं. तो ज्याचा त्यानें आपल्या आंकड्यांत धरावयाचा. आणि लिहिल्याहून लवकर पोंचलां तर तुम्ही बाद! मनुष्याला त्यानें सांगितल्यापेक्षां चांगला निघाल्याबद्दल शिक्षा करणारा हा नियम मला प्रथम विचित्र वाटला. पण तो नसता तर सर्वांनींच आपलें दुबळेपण फुगवून लिहिलें असतें. असतांनाहि कांहीं लोक तसें लिहितात. मग पलीकडची रेषा जवळ आली कीं गुपचुप ब्रेक दाबतात. भाच्यानें मला असा एक जण दाखविला. त्याच्या गाडीचे मागचे दिवे रेषेच्या अलीकडे लाल झालेले मीं स्वतः पाहिले.

आतां माझी स्वतःची गोष्ट, जिच्यासाठीं हा सारा खटाटोप. एका जुन्या निधींतून संशोधनासाठीं दोन वर्षांची शिष्यवृत्ति देण्यांत येते आणि ती कोणास द्यावी हें ठरविणाऱ्या समितींत मी बरींच वर्षें आहें. फार पूर्वीं आमच्यापुढें दोन अर्ज होते. एकाला शेंकडा ६६ गुण. दुसऱ्याला ६१, पण तो रात्रीं छापखान्यांत काम करून शिकलेला. मीं त्या वेळीं नळवाल्यांच्या बाजूनें बोललों. एकसष्ट म्हणजे एकसष्ट. छापखान्याचे किती गुण धरावयाचे तें कोणाला ठाऊक? चार धरावे कीं सहा? माझा युक्तिवाद बिनतोड होता व तो मान्य झाला. तो विद्यार्थी पुढें काय झाला मला माहीत नाहीं; आणि हें माहीत नसणें पुष्कळ दिवस खुपत राहिलें.

त्या खुपण्याचा परिणाम म्हणून कीं काय, २०१७ सालीं मीं उलट टोंक गांठलें. डोंगरी तालुक्यांतील एका लहानशा महाविद्यालयांतून रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या एका मुलीचा अर्ज होता. गुण इतरांहून कमी. पण प्रयोगशाळेंत जेथें तराजू धड चालत नाहीं तेथून आलेले ते गुण होते, आणि तिच्या अर्जांत रडगाणें एका ओळीचेंहि नव्हतें. मीं आवेशानें भांडलों; विरळ हवेचा दाखला मला तेव्हां ठाऊक असता तर तोहि दिला असता. शिष्यवृत्ति तिला मिळाली. ती शहरांत आली, मोठ्या प्रयोगशाळेंत दाखल झाली, आणि दहाव्या महिन्यांत सोडून परत गेली. नंतर कळलें तें असें. स्पेक्ट्रोफोटोमीटरचें तत्त्व तिला इतरांहून चांगलें समजत होतें, पण तें यंत्र तिनें कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें, आणि "हें कसें लावतात?" हा प्रश्न विचारावयाचा तो पहिल्या आठवड्यांत, सहाव्या महिन्यांत नव्हे, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. शेजारचे सारे तें येथें येण्यापूर्वींच शिकून आलेले. मीं त्या दहा महिन्यांत तिला दोनदां भेटलों, दोन्ही वेळां कसल्यातरी समारंभांत.

समितींतले एक सहकारी पुढच्या बैठकींत मला म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, शेवटीं गुणच खरे बोलले." मीं गप्प बसलों. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण मीहि मनांत तेंच म्हणत होतों: दुरुस्तीचा गुणाकार चुकला, मुलगी समजलों तेवढी हुशार नव्हती. डेन्व्हरच्या त्या संध्याकाळीं, उघड्या झांकणाशीं उभा असतांना, पांच वर्षांनंतर मला कळलें कीं गुणाकार चुकला नव्हता. मीं वहींत आंकडा लिहिला आणि मोकळा झालों.

आतां माझें मत असें झालें आहे कीं दोन प्रश्न आपण एकांत एक मिसळतों. काय घडलें, हा एक प्रश्न. त्याचें उत्तर चिठींत आहे, आणि तिच्यावर खाडाखोड करण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. फार तर शेजारीं मैदानाची उंची लिहावी. नळवाले त्या दृष्टीनें बरोबर होते. पुढें काय घडूं शकेल, हा दुसरा प्रश्न. तेथें उंची हिशेबांत न घेणें हा आंधळेपणा आहे, आणि तेथें मुलगा बरोबर होता. पण हा दुसरा आंकडा जो लिहितो त्याच्याकडे पाना व जेट घेऊन खालीं जाण्याचें कामहि येतें. तें करावयाचें नसेल तर त्यानें वही उघडूं नये हें बरें. छापखान्याच्या मुलाला मीं वही उघडलीच नाहीं म्हणून मी अपराधी. डोंगरावरच्या मुलीला ती उघडून लगेच मिटली, म्हणून अधिक अपराधी, असें मला वाटतें. हें 'अधिक' कांहीं वाचकांना पटणार नाहीं. पहिल्याला आपण कांहींच दिलें नाहीं, दुसरीला निदान संधि दिली, असें ते म्हणतील. त्यांनीं जळलेला पिस्टन हातांत घेऊन पाहावा. तो पुन्हां बसवितां येत नाहीं.

त्या मुलीचा अर्ज या वर्षीं पुन्हां आला आहे. मधल्या काळांत ती आपल्याच तालुक्यांत शाळेंत शिकवीत होती. गुण अर्थातच तेच आहेत. मागच्या वेळीं सोडून कां गेलें, याचें कारण अर्जांत तिनें तीन ओळींत लिहिलें आहे. त्यांत ना कोणाला दोष दिला आहे ना स्वतःला. शिष्यवृत्तीच्या नियमांत पूर्वतयारीसाठीं कांहींहि तरतूद नाहीं. मुख्य दोन वर्षांपूर्वीं सहा महिन्यांचें वेतन, प्रयोगशाळेंत हात बसविण्यापुरतें, निराळें द्यावें आणि त्या मुदतींत समितीच्या एका सभासदानें आठवड्यांतून एकदां तेथें जावें, असा ठराव मीं लिहून पाठविला आहे. जाणारा सभासद म्हणून माझेंच नांव घातलें आहे. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि तत्त्वज्ञानाचा शिक्षक, तेथें जाऊन तुम्ही करणार काय, असें सहकाऱ्यांनीं विचारलें आहे. यंत्र कसें लावतात हें पहिल्या आठवड्यांत विचारणारा मूर्ख मी होईन, असें मीं त्यांना कळविलें. बैठक पुढच्या गुरुवारीं आहे.